दिसणारे हात

विश्वास हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. विश्वास ठेवतो, टाकतो, कमावतो, संपादन करतो; जणू ती एखादी जमीन आहे आणि कुंपण घातले की आपली झाली. शब्दाचा मूळ धातू मात्र श्वासाचा आहे. ज्याच्या सान्निध्यात श्वास मोकळा होतो, त्याच्या ठायी विश्वास. म्हणजे ही वस्तू मागणाऱ्याच्या हातात नसतेच, ती देणाऱ्याच्या छातीत असते. मागणाऱ्याने करायचे ते एवढेच, की समोरच्याचा श्वास अडेल असे काही करू नये. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु आपल्या कोणत्या कृतीने कोणाचा श्वास अडतो हे आपल्याला ठाऊक आहे, असे समजणे हाच मोठा भ्रम आहे, आणि तो विशेषेकरून सज्जनांचा. आपण कोणाला भिववतो हे दुर्जनाला नेमके माहीत असते. सज्जनाला ते आयुष्यभर कळत नाही, कारण तसे त्याने कधी मनातच आणलेले नसते. तोलकाकांना ते कळले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळले, आणि एका पोपटामुळे कळले.

तोलकाका तराजू दुरुस्त करीत. घराची पुढची खोली हेच त्यांचे दुकान. उत्तरेकडे एक रुंद खिडकी, खिडकीपाशी जाड दगडी फळीचे टेबल, आणि भिंतीला लावलेल्या मांडण्यांवर निरनिराळ्या घरांतून उपचारासाठी आलेले तराजू: औषधांच्या दुकानातले, काचेच्या पेटीत राहणारे नाजूक, सोनारांचे, बोटभर पारड्यांचे, वखारीतले, माणसाच्या उंचीच्या दांडीचे, आणि अलीकडच्या काळात, आकडे दाखवणारे. या शेवटच्यांविषयी काकांचे मत फारसे चांगले नव्हते. "तो सांगून मोकळा होतो, विचार करत नाही," असे ते म्हणत. दुरुस्ती मात्र त्यांचीही तितक्याच आस्थेने करीत.

त्यांच्या विद्येचा एक नियम होता. पारड्यात वजन ठेवले की दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे, एक पाऊल मागे सरायचे, आणि काटा थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहायचेसुद्धा नाही. हाताच्या उबेने, टेबलाला लागलेल्या धक्क्याने, नाकातून सुटलेल्या वाऱ्यानेही नाजूक काटा बहकतो. आणि हलत्या काट्याकडे पाहणारा माणूस आपल्याला हव्या त्या जागी तो थांबला असे मानून टाकतो. "काट्याला त्याचं मत बनवायला वेळ द्यावा," असे ते सांगत. एक्केचाळीस वर्षांच्या या शिस्तीने हात पाठीमागे घेणे त्यांच्या अंगी इतके मुरले होते, की ते रांगेत, दवाखान्यात, पाहुण्यांपुढे कोठेही तसेच उभे राहत.

"आमच्या लग्नाच्या फोटोत बघा," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "माझ्या शेजारी हात मागे बांधून उभे आहेत. बघणाऱ्याला वाटतं, कुठून तरी पकडून आणलंय."

"आणलंच होतं," काका शांतपणे म्हणत.

पक्षी त्यांच्या घरात आले ते एका बिघडलेल्या वजनकाट्याच्या निमित्ताने. पक्ष्यांवर उपचार करणारी एक तरुण डॉक्टरीण आपला काटा घेऊन आली. तो अकरा ग्रॅम जास्त दाखवत होता.

"अकरा ग्रॅमनं तुमचं एवढं काय अडतंय?" काकांनी विचारले.

"काका, माझा एक रुग्ण तीस ग्रॅमचा आहे. अकरा म्हणजे त्याचा एक तृतीयांश. पक्षी दुखणं लपवतो, शेवटपर्यंत लपवतो. वजन तेवढं खरं बोलतं."

हे वाक्य काकांच्या मनात घर करून बसले. काटा पोचवायला ते स्वतः गेले, आणि तिथे मागच्या खोलीत त्यांनी ते पिंजरे पाहिले: कोणी परदेशी गेले म्हणून सोडलेले, कोणाला गोंगाट सोसवला नाही म्हणून दिलेले, कोणाचे धनी वारले म्हणून पोरके झालेले पक्षी. त्या दिवशी ते एक लंगडा कॉकाटील, डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, घेऊन घरी आले. पुढच्या बारा वर्षांत असे नऊ पक्षी त्यांच्या मधल्या खोलीत राहून गेले. कोणी तिथेच म्हातारा होऊन गेला, कोणाला दुसरे चांगले घर मिळाले. काकूंनी सुरुवातीला कपाळाला हात लावला, मग पिंजऱ्याखाली घालायला जुने कागद साठवू लागल्या, आणि पुढे पुढे तर केवळ सवय म्हणून कुरकुर करीत.

"मला बघायला आलात तेव्हा मोजून तीन वाक्यं बोललात," त्या म्हणत. "आणि त्या पक्ष्यापुढे तासभर! तुमच्या लेखी मी याच्या पासंगालाही पुरत नाही."

पासंग म्हणजे दोन पारड्यांमधला जन्मजात फरक, तराजू जुळवताना आधी काढून टाकायचा तो. काका हसत आणि म्हणत, "पासंग नसता तर माझं घर कसं चाललं असतं?"

दहावा आला तो राखी पोपट. करड्या अंगाचा, लाल शेपटीचा, आणि छातीवर पिसांऐवजी उघडी, गुलाबी, पुरळ उठल्यासारखी कातडी. त्याने स्वतःच ती पिसे उपटली होती. त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंबरोबर एक पन्नाशीतल्या शिक्षिका आल्या होत्या. पोपट त्यांच्या भावाचा. बावीस वर्षे भावाजवळ होता. भाऊ गेल्यावर दीड वर्ष यांच्याजवळ.

"मी काही कमी केलं नाही हो त्याचं," शिक्षिका खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या. "मध्ये छातीत कफ झाला, तेव्हा दोन महिने मी सकाळ-संध्याकाळ औषध पाजलं. बरा केला. आणि बरा झाल्यापासून मी खोलीत आले की हा पिसं उपटतो. भावाची शेवटची आठवण आहे. पण मला बघून तो स्वतःला सोलून काढतो, तर मी काय करू?"

"बोलतो का?" काकूंनी विषय बदलायला विचारले.

"आधी बोलायचा. आता नाही."

पुढे येणाऱ्या प्रत्येकाने हाच प्रश्न विचारला, आणि काकांनी प्रत्येकाला एकच उत्तर दिले: "ऐकतो."

डॉक्टरीणबाईंनी निघताना काकांना बाजूला घेतले. "आज तीनशे एकाहत्तर ग्रॅम आहे. चारशेच्या वर हवा. खाणं जवळजवळ सोडलंय. तीनशे चाळीसच्या खाली गेला, तर मला नळीनं भरवावं लागेल. म्हणजे रोज टॉवेलमध्ये गुंडाळून धरायचं. आणि खरं सांगू? हा त्यातून वाचेल असं मला वाटत नाही. भुकेनं नाही, भीतीनं जाईल."

तीनशे एकाहत्तर आणि तीनशे चाळीस यांच्यामध्ये एकतीस ग्रॅम होते, आणि त्या एकतीस ग्रॅमांत एक जीव होता.

पहिली अडचण वजन करण्याचीच होती. छोट्या पेटीत घालून वजन करायचे तर आधी त्याला पकडणे आले. तिथे काकांची विद्या कामी आली. वखारीतला एक मोठा दांडीचा तराजू त्यांनी मधल्या खोलीत तुळईला टांगला, दांडी जिच्यावर झुलते ती पोलादी धार पुन्हा घासली, लांब आणि बारीक असा नवा काटा बसवला, आणि एका बाजूच्या पारड्याऐवजी पोपटाचा पिंजराच लटकवला. दुसऱ्या पारड्यात पिंजऱ्याच्या वजनाइतकी वजने कायमची ठेवली. रोज सकाळी तळाचा कागद बदलून, जुने दाणे-पाणी काढून, वर बारीक वजने चढवायची. काटा मधोमध आला की तेवढा पोपट. कोणी कोणाला शिवायचे नाही.

काकूंनी लटकणारा पिंजरा पाहिला. "जीव टांगणीला लागला म्हणतात तो हाच. आता प्रत्यक्ष पाहिला."

पोपटाने पिंजऱ्यात नुसती नखे आवळली तरी तो काटा थरथरे. हे काकांना बांधतानाच दिसले होते. आपण वजनासाठी बांधलेले यंत्र भयही तोलते आहे, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले नाही.

ते आपल्या रीतीने सेवा करू लागले. सूर्यफुलाच्या बिया, उकडलेला मका, सफरचंदाची फोड अशी वाटी हलकेच पिंजऱ्यात ठेवायची. मग दोन्ही हात पाठीमागे, एक पाऊल मागे, नजर खाली. यापूर्वीचे नऊही पक्षी या रीतीला वश झाले होते, काही आठवड्यांत, काही महिन्यांत. राखी पोपट मात्र पाठ पिंजऱ्याच्या जाळीला चिकटवून उभा राही, बुबुळे लहानमोठी करी, आणि काका वळले की छातीकडे चोच नेई. तीनशे बासष्ट. तीनशे छप्पन्न. मधल्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीवर काका पेन्सिलीने आकडे लिहीत, आणि दर खेपेला पेन्सिल थोडी अधिक दाबली जाई.

त्यांनी विचार केला: याला हातांचे भय आहे, म्हणून हात अधिक लपवले पाहिजेत. ते पिंजऱ्यापाशी आणखी कमी वेळ थांबू लागले, हात आणखी लवकर मागे नेऊ लागले. एके सकाळी तर त्यांनी अंगावर काकूंची जुनी शाल घेतली आणि हात तिच्याखाली झाकून वाटी नेली. पोपट असा उसळला, की पिंजरा दांडीसकट गरगरला आणि दाणे भिंतीपर्यंत उडाले. त्या आठवड्यात बारा ग्रॅम गेले. चौकटीवर तीनशे चव्वेचाळीस लिहिले गेले.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काकू मधल्या खोलीत मटार सोलत बसल्या होत्या. टेबलावर शेंगांचा ढीग, समोर ताटली. काकांनी वाटी ठेवली, हात मागे घेतले, नजर खाली घातली. शेंग सोलता सोलता काकू म्हणाल्या,

"एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"तुमचा तो काटा, तुम्ही हात आत घालता तेव्हा नाही हलत. हात मागे नेता ना, तेव्हा उडी मारतो."

"काटा थांबायच्या आत त्याच्याकडे बघायचं नसतं."

"तुम्ही नसाल बघत. मी काही तराजूवाली नाही. मी बघते."

काकांच्या मुद्रेवर जे उमटले ते वर्णन करणे कठीण आहे. एक्केचाळीस वर्षे ज्या नियमाने त्यांना खरे वजन दाखवले, त्याच नियमाने त्यांच्यापासून हे सत्य दडवून ठेवले होते. ते पुन्हा पिंजऱ्यापाशी गेले. हात पुढे, तळवे उघडे. काट्याकडे पाहत राहिले. काटा किंचित कापला आणि थांबला. मग त्यांनी सावकाश दोन्ही हात पाठीमागे नेले. पिंजऱ्यात पंखांचा फडका झाला आणि काटा एका टोकाला जाऊन आदळला.

"बघ," असे ते काहीसे पुटपुटले. कोणाला, ते कळले नाही.

त्यांनी तडक शिक्षिकेला फोन लावला. "एकच विचारायचं होतं बाई. तुम्ही याला औषध द्यायचात, तेव्हा टॉवेल कुठे असायचा?"

"माझ्या पाठीमागे. त्याला दिसू नये म्हणून. म्हणजे, दिसला की तो घाबरायचा ना. घाबरू नये म्हणून मी हात मागे ठेवून गोड बोलत जवळ जायचे, आणि मग पटकन..." त्या थांबल्या. "मी काही चूक केली का हो?"

"नाही," काका म्हणाले. "तुम्ही केलंत तेच मीही करत होतो."

दोन भली माणसे. एकीने त्याला भय दिसू नये म्हणून टॉवेल लपवला, दुसऱ्याने भय वाटू नये म्हणून हात लपवले. पोपटाच्या लेखी दोन्ही एकच होते: न दिसणारे हात. दिसणाऱ्या हाताचा अंदाज घेता येतो, त्याच्यापासून दूर सरता येते. पाठीमागे गेलेल्या हातात काय आहे हे मात्र फक्त त्या हाताच्या धन्याला ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन तीनशे बेचाळीस भरले. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या, खांद्याला पिशवी, पिशवीत नळी आणि टॉवेल.

"काका, आता थांबण्यात अर्थ नाही."

"एक दिवस द्या."

"दोन ग्रॅम उरलेत."

"मग दोन ग्रॅमांचा एक दिवस द्या. उद्या याच वेळी या. उतरला तर मी स्वतः धरून देईन."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, पोपटाकडे पाहिले, आणि पिशवी न उघडता गेल्या.

त्या दिवशी काकांनी दुकान बंद ठेवले. सोनाराचा एक लहान तराजू आणि हत्यारांची पेटी घेऊन ते मधल्या खोलीतल्या टेबलाशी, पिंजऱ्याच्या समोर बसले. दोन्ही हात टेबलावर, सदैव दिसतील असे. पण सवयीची मुळे खोल असतात. पारड्यात वजन टाकले की हात आपोआप पाठीमागे निघत. काटा उडी मारी. काका हात पुढे आणीत. शेवटी काकूंनी समोर बसून पहारा सुरू केला.

"हात!" त्या दबक्या आवाजात म्हणत. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "अहो, हात!"

"शाळेत असल्यासारखं वाटतंय."

"शाळेत कधी असं दटावलं असतं कुणी, तर आज ही वेळ आली नसती."

दुपारी दोघांनी तिथेच मटार सोलले. काका एक दाणा खात, एक ताटलीत टाकत, एक पिंजऱ्याच्या वाटीत ठेवत. हात जाताना दिसे, येताना दिसे, रिकामा दिसे. पोपट जाळीपासून बोटभर पुढे सरकला. मग उन्हे कलल्यावर, दोघे एकमेकांशी कसल्याशा किरकोळ गोष्टीवरून वाद घालत असताना, पिंजऱ्यातून सूर्यफुलाच्या बीचे फोलपट फुटल्याचा बारीक आवाज आला. दोघेही बोलता बोलता थबकले, आणि मग, मोठ्या शहाणपणाने, वाद पुढे चालू ठेवला.

सकाळी वजन तीनशे त्रेचाळीस भरले.

"एक ग्रॅम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, एक ग्रॅम म्हणजे काट्याची चूकही असू शकते."

"असू शकते," काका म्हणाले. "दुसऱ्याच्या काट्यावर."

डॉक्टरीणबाईंनी पिशवी पुन्हा खांद्याला लावली. ती त्या घरात परत कधी उघडावी लागली नाही.

यापुढची कथा संथ आहे. तीनशे पन्नास व्हायला बारा दिवस लागले, चारशे व्हायला पाच महिने. छातीवर आधी राखाडी धूळ बसल्यासारखी लव आली, मग पिसे. दार उघडे ठेवले तरी पोपट सात आठवडे उंबऱ्यावरच बसून राहिला. काकांनी बोलावले नाही, दाणा दाखवून ओढले नाही. ते रोज समोर बसून आपले काम करीत, एवढेच. शिक्षिका मधून मधून येत आणि टेबलावर हात ठेवून बसत. पोपट त्यांच्याजवळ कधी गेला नाही, पण त्यांना पाहून त्याने पुन्हा पीसही उपटले नाही. पहिल्यांदा हे लक्षात आले तेव्हा काकूंनी त्यांच्यापुढे सोलायला शेंगा सरकवल्या.

आठव्या महिन्यात एका सकाळी काका औषधवाल्याचा तराजू जुळवत होते. पोपट पिंजऱ्यातून उतरला, टेबलाच्या कडेने एकेक पाय मोजून टाकीत आला, काकांच्या उजव्या तळव्याला चोचीने एकदा स्पर्श केला, जणू ही वस्तू खरोखर रिकामी आहे ना हे तपासून, आणि तराजूच्या पारड्यात चढून बसला. पारडे खट्कन खाली टेकले. काकांचे खांदे सवयीने मागे जाऊ लागले. ते तिथेच थांबले. हात टेबलावर राहिले. मग एका हाताने, सावकाश, प्रत्येक वजन पोपटाच्या डोळ्यांपुढून नेत, त्यांनी दुसरे पारडे भरले. हात टेबलावर टेकलेले, त्यामुळे काटा शेवटपर्यंत थोडा थरथरतच राहिला. वजन घेताना आयुष्यात प्रथमच ते हलत्या काट्याकडे टक लावून पाहत होते.

"किती भरला?" काकूंनी विचारले.

"नाही सांगता येणार."

"म्हणजे? समोर दिसतंय की."

"हात टेबलावर ठेवून घेतलेलं वजन मी वजन मानत नाही," काका म्हणाले. त्या दिवसाचा आकडा चौकटीवर नाही. तिथे पेन्सिलीचा नुसता एक लहान ठिपका आहे.

पुढे सहा वर्षे दोघे एका टेबलाशी बसले. तुळईला टांगलेला तराजू काकांनी उतरवला, त्याची गरज राहिली नव्हती. लोक म्हणत, काकांनी पोपटाला शिकवले. काका ते खोडून काढीत नसत, पण दुकानात गिऱ्हाईक आले की हात पुढे ठेवून बोलत, आणि फोटो काढायची वेळ आली की काकू फक्त डोळे वटारीत.

मग एका थंडीत चार दिवसांच्या तापाचे निमित्त होऊन काका गेले. समाचाराला आलेली माणसे मधल्या खोलीत उभी राहत, दुःखाच्या प्रसंगी माणसे राहतात तशी, हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून. काकू डोळे पुसत आणि प्रत्येकाला सांगत, "बसा ना. आणि हात जरा पुढे घ्या. मागे बांधलेले इथे आवडत नाहीत." कित्येकांना वाटले, त्या काकांविषयीच बोलताहेत.

दुकान पुढे एका कारागिराने घेतले, मांडण्यांवरचे तराजू ज्याच्या त्याच्या घरी परत गेले. काकूंजवळ औषधवाल्याकडून मागून घेतलेला एक तराजू आहे, पेन्सिलीच्या आकड्यांची खिडकीची चौकट आहे, आणि चारशे अठरा ग्रॅमचा एक राखी पोपट आहे. तो रोज सकाळी स्वतःहून पारड्यात येऊन बसतो, आणि काकू दोन्ही हात टेबलावर ठेवून त्याचे वजन घेतात.